कोंडपाड्याची गाडी

दर्पणने जीपच्या बॉनेटवर थाडकन हात मारला आणि मागे बसलेल्या एका बाईच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं.

"मागं घे, सुका. आज एकबी गाडी नाक्यातून जानार नाय. ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलं," सुका म्हणाला. "माज्या गाडीत कंपनीतल्या बायका हायेत. उशीर झाला तं गेटावरून परत पाठवतात त्यांना."

बेटेगावजवळचा हा नाका त्याच सकाळी सुरू झाला होता. टपरीएवढी नवी खोली, लाल-पांढरा दांडा आणि वर हिरव्या अक्षरांतला फलक: 'हरित शुल्क'. तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक डिझेल गाडीने आजपासून इथे पैसे भरायचे होते. त्या पैशातून विजेवरच्या बस येणार होत्या, धूर कमी होणार होता, आणि ज्या पाड्यांना आजवर गाडी माहीत नव्हती तिथेही बस जाणार होती. हे सगळं फलकावर लिहिलेलं होतं. त्याच्याखाली जीपवाले, टेम्पोवाले, रिक्षावाले रस्ता अडवून उभे होते. दर्पण त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष.

सुका जीपमधून उतरला. गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेला, पैसे सरकवले आणि पावती घेतली. खिडकीतल्या पोराने इतका वेळ रिकामं बसून राहिल्यावर पहिलंच गिऱ्हाईक पाहिलं आणि नकळत "थँक्यू" म्हणाला.

सुका वळला तोच दर्पणने त्याच्या मुस्काटात मारली.

कोणी मध्ये पडलं नाही. सुकाने हात उचलला नाही. ओठ बाहीने पुसला, जीपमध्ये बसला आणि गिअर टाकला. दांडा वर गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "सुकादादा, रगत आलंय." तो म्हणाला, "येऊ दे. तुमी नीट धरून बसा."

कोंडपाडा बेटेगावहून बराच आत, डोंगराला टेकलेला. पाड्यातल्या माणसांना बोईसरला जायचं तर सुकाची काळीपिवळी जीप, नाहीतर पाय. कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायका, भाजीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेले म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळी त्या एका जीपमध्ये. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर, मागच्या शिडीला लोंबकळलेली, टपावर. पुढच्या सीटवर सुकाच्या दोन्ही बाजूंना माणसं कोंबलेली असत, म्हणून सुका स्वतः अर्धा दाराबाहेर लटकून गाडी चालवायचा.

याची त्याला लाज वाटायची. चार पैसे त्यातूनच मिळत होते, तरी वाटायची. एकदा उतारावर ब्रेक मारला तेव्हा शिडीवरचा एक पोरगा घसरून चिखलात पडला. फार लागलं नाही. पण तो उठला, कपडे झटकले, परत शिडीवर चढला आणि "चला" म्हणाला. हे 'चला' सुकाच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पडलेल्या माणसाने निदान एक शिवी तरी द्यायला हवी होती.

शेजारचा झिपरू तर रोजच्या डोळ्यांपुढचा. तरुणपणी तो एका रसायनाच्या कारखान्यात पोती फोडून पावडर टाकीत ओतायचं काम करायचा. आता त्याची छाती भात्यासारखी वाजायची आणि दर आठवड्याला बोईसरच्या सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. सुका त्याला पुढची, खिडकीकडची जागा द्यायचा. पण जुन्या जीपचा काळा धूर फटीतून आत यायचाच. झिपरू तोंडाला फडकं लावून खोकायचा आणि खोकला थांबला की हसून म्हणायचा, "तुजी गाडी भारी हाय बग, सुका. दवाखान्यात बी नेते आन दवाखान्याचं कारन बी देते."

म्हणून शुल्काबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला वाहतूक मंडळाने बोईसरच्या सभागृहात सभा भरवली, तेव्हा सुका उभा राहिला होता. आधी दर्पण बोलला होता. "आमच्याच खिशातून काढनार आन आमच्याच पोटावर बस घालनार!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं होतं. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून सुका म्हणाला, "घ्या. माज्याकडून घ्या. पन बस कोंडपाड्याला आली पायजे. आमची मानसं बसून गेली पायजेत."

व्यासपीठावर मंडळाच्या अधिकारी प्रियदर्शिनी मॅडम होत्या. नव्यानेच बदलून आलेल्या, तरुण. सगळ्या सभेत शुल्काच्या बाजूने बोललेला तो एकच ड्रायव्हर. त्यांनी त्याचं नाव विचारून घेतलं आणि माइकवरून म्हणाल्या, "सुकाभाऊ, पहिल्या टप्प्यातच तुमच्या पाड्याला बस येईल. हा माझा शब्द."

तो शब्द खोटा नव्हता. बस आली.

निळी, कोरी, विजेवरची बस. आवाजच नव्हता तिला. पाड्यातल्या कोंबड्या बाजूला होईनात, ड्रायव्हरला उतरून त्यांना हाकलावं लागलं. थांब्याला पत्र्याची शेड बांधली होती आणि आत स्टीलचं चकचकीत बाकडं. सरपंचाने नारळ फोडला. झिपरू आत जाऊन बसला, नाकाने हवा ओढली, परत ओढली, आणि म्हणाला, "वास नाय."

सुकाची बायको मंगळी भाजीची पाटी पायाशी ठेवून खिडकीला बसली. सुका खाली उभा होता. ती वरून म्हणाली, "तुज्या गाडीत मी अशी कंदी बसले नाय."

"आता बस की."

"तू काय करशील?"

"बगू," सुका म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याची जीप रिकामी धावू लागली. जुन्या डिझेल गाडीला शुल्क दुप्पट. ते भरायलाही माणसं हवीत. शेवटी एका भंगारवाल्याने जीप ओढून नेली. मंगळी घरातून बाहेर आली नाही. सुका मात्र ती वळणाआड होईपर्यंत पाहत उभा राहिला. त्याने स्वतःच मागितलं होतं ते झालं होतं, आता रडायचं कोणाच्या नावाने?

बसवर ड्रायव्हर म्हणून घ्या, असं विचारायला तो मंडळाच्या कचेरीत गेला. मोठ्या गाडीचं लायसन्स नव्हतं, वयही बसत नव्हतं. मॅडमनी ठेकेदाराला फोन केला आणि त्याला बोईसरच्या डेपोत बस धुण्याचं काम मिळालं.

"चालवायला नाय तं धुवायला," मंगळी म्हणाली.

"गाडीच्याच जवळ हाय ना?" सुका म्हणाला. तो रोज त्याच बसने कामाला जायचा, सीटवर बसून. सुरुवातीला त्याला हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

डेपोचा सुपरवायझर उत्तरेकडचा होता, कडक, पण वाईट नव्हता. धुण्यासाठी बस रॅम्पवर घ्यायच्या असत आणि तेवढ्यासाठी ड्रायव्हर हुडकण्यात वेळ जाई. एकदा सुकाने सहज एक बस लावून दाखवली. तेव्हापासून नियम बाजूला राहिला. "ए सुका, वो पीछे वाली इधर ले," सुपरवायझर चहा पिता पिता सांगायचा आणि सुका एवढी मोठी गाडी बोटभरही इकडेतिकडे न होता रॅम्पवर आणायचा. कोंडपाड्याची बस तो सगळ्यात शेवटी धुवायचा, म्हणजे घाई करावी लागणार नाही. तिच्या एका सीटच्या पाठीवर पाड्यातल्या कुठल्या तरी पोराने खिळ्याने बैल ओरबाडला होता. सुपरवायझर चिडला, पण सुकाला तो बैल आवडला.

वर्षभर ते असं चाललं. मंगळीची भाजी सकाळच्या बाजाराला वेळेवर पोचू लागली. कंपनीतल्या बायकांचे खाडे थांबले. दोन पोरी पालघरच्या कॉलेजात जाऊ लागल्या. झिपरूच्या छातीत फरक नव्हता, पण दवाखान्यातून परतताना तो हसतमुख असायचा.

मग पावसाळ्यात पाड्याच्या अलीकडची मोरी खचली. रस्ता दुरुस्त होईपर्यंत फेरी बंद, असा कागद शेडवर चिकटला. पाड्याने आठवडाभर रस्त्याची वाट पाहिली आणि मग स्वतःच दगड आणून मोरी भरली. बायकांनी पाट्यांतून मुरूम वाहिला. सुका सुट्टी घेऊन राबला. त्यावरून खडीचे डंपर जायला लागले. बस मात्र आली नाही.

डेपोत एका सकाळी सुका पाइप घेऊन बस धुवत होता. आत झाडताना त्याला सीटच्या पाठीवरचा बैल दिसला. तो बाहेर आला आणि समोरची पाटी पाहिली. पाटीवर कोंडपाडा नव्हता. स्टेशन ते नव्या टॉवरची वसाहत, असं लिहिलेलं होतं.

"ये तो हमारे पाडे की गाड़ी है," तो सुपरवायझरला म्हणाला.

"गाड़ी किसी की नहीं होती रे. ऊपर से ऑर्डर है."

सुका तसाच, ओल्या कपड्यांनी मंडळाच्या कचेरीत गेला. प्रियदर्शिनी मॅडमनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली. तो उभाच राहिला, खुर्ची ओली झाली असती.

"फेरी तात्पुरती स्थगित आहे, सुकाभाऊ."

"मोरी आमी भरली. डंपर जातात तिच्यावरून."

"मोरीचा प्रश्न नाही." त्यांनी समोरची फाइल उघडली. "ती फेरी तोट्यात होती."

"तोट्यात? बसायला जागा नव्हती मॅडम."

"माणसं असतात, उत्पन्न नसतं. बायकांचं अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांचं माफ, अंतर लांब. वसाहतीतल्या लोकांची मागणी होती. ते गाड्या घरी ठेवून बसने जायला लागले तर धूर जास्त कमी होतो, असा अहवाल आहे. तुमच्या पाड्यात तर गाड्याच नाहीत."

सुकाला हे समजायला वेळ लागला. समजल्यावर तो म्हणाला, "म्हंजे आमी धूर करत नव्हतो, म्हनून आमची बस गेली?"

"तसं नाही..."

"आन तिकिटावरच चालवायची व्हती तं नाक्यावर पैसे कशाला घेता? ते तं अजून घेताय."

मॅडमनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "मी बैठकीत हे मांडलं होतं. खरंच मांडलं होतं. पुढच्या तिमाहीत पुन्हा मांडते. थोडी कळ काढा."

त्या खोटं बोलत नव्हत्या हे त्याला दिसत होतं. समोरचं माणूस खोटं बोलत असतं तर भांडता आलं असतं.

पाड्यात तो काय सांगणार? लोक त्यालाच विचारत. शुल्काच्या बाजूने तो बोलला होता, बस आली तेव्हा पेपरात फोटो त्याचा छापून आला होता, डेपोत तोच होता. "येईल," तो सांगायचा. "मॅडम बोलल्यात. येईल." आता जीपही नव्हती. सुकाची भंगारात गेलेली आणि बाकीच्या कुठल्याही गाडीवाल्याला शुल्क भरून एवढ्या आत येणं परवडत नव्हतं. बायका पहाटे उठून बेटेगावपर्यंत चालायला लागल्या. काहीजणी खडीच्या डंपरच्या मागे चढून जायच्या. कॉलेजच्या दोघींपैकी एकीचं नाव काढलं. मंगळीने भाजी कमी केली, डोक्यावर तेवढीच पेलवत होती.

"तुला शानपन कुनी सांगितलं व्हतं?" एके दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली. "गप बसला असतास तं जीप तरी राहिली असती."

सुका जेवत होता. त्याने घास खाली ठेवला नाही, पण चावायचा थांबला.

त्याच संध्याकाळी झिपरू कुडाला धरून धरून अंगणात आला. "सुका, उद्या माजी दवाखान्याची पाळी. दोन पाळ्या चुकल्या. बस येईल का रे उद्या?"

त्याच्या श्वासाचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा होता. सुका म्हणाला, "येईल दादा. दोन-चार दिसात येईलच."

त्यातलं 'येईल' एवढंच झिपरूने नेलं असावं. सकाळी सुका कामाला निघाला, तेव्हा शेडमध्ये झिपरू बसलेला दिसला. धुवट सदरा घातलेला, दवाखान्याची पिशवी मांडीवर, पाठ स्टीलच्या बाकड्याला टेकलेली, तोंड रस्त्याच्या वळणाकडे. सुकाने हाक मारली. जवळ जाऊन खांद्याला हात लावला. खांदा थंड होता. तो केव्हापासून तिथे येऊन बसला होता कोण जाणे.

झिपरूला माती देऊन सुका घरी आला. मंगळीने त्याला आंघोळीचं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तो अंधारातच डेपोत पोचला. बस चार्जिंगला लावलेल्या होत्या. रखवालदाराने त्याला पाहून मान हलवली, रोजचाच माणूस. सुपरवायझर अजून यायचा होता. सुकाने बैल असलेली बस शोधली, चार्जिंगची केबल काढून नीट गुंडाळून ठेवली, आणि आत चढून बसला. रखवालदाराला वाटलं रॅम्पवर घेतोय. बस रॅम्पकडे न वळता फाटकातून बाहेर पडली, तेव्हा तो नुसताच "अरे, अरे" म्हणत राहिला.

रस्ता मोकळा होता. सुका हळू चालवत होता. नाक्याजवळ त्याने ब्रेकवर पाय ठेवला. पण बस जवळ जाताच दांडा आपोआप वर गेला. विजेच्या गाडीला शुल्क नव्हतं, नाक्याला तिचा नंबर ठाऊक होता.

कोंडपाड्यात डोक्यावर पाट्या घेऊन बायका निघाल्याच होत्या. वळणावर दिवे दिसले, तशा त्या रस्त्याच्या कडेला सरकल्या, डंपर समजून. बस त्यांच्यापाशी थांबली. दार उघडलं.

"बसा," सुका म्हणाला.

"तू चालवतोस?" एकीने विचारलं.

"आज मी हाय."

त्यांनी जास्त विचारलं नाही. इतके दिवस 'येईल' म्हणत होता, आली. सगळ्यांत शेवटी मंगळी आली. तिने त्याच्या बस धुवायच्या कपड्यांकडे, अनवाणी पायांकडे पाहिलं. तिला समजलं. क्षणभर ती पायरीवर तशीच उभी राहिली. मग वर चढून त्याच्या मागच्याच सीटवर बसली.

"धरून बसा," सुका सवयीने म्हणाला आणि मग त्यालाच वाटलं, धरायची काही गरज नाही. सगळी माणसं बसलेली होती.

वाटेत जिथे कोणी उभं दिसेल तिथे त्याने बस थांबवली. मोरीवरून अगदी हलकी नेली. कोणी गप्पा मारत होतं, कोणी झोपलं होतं. एक म्हातारी हातातलं नाणं घेऊन कंडक्टरला शोधत होती. मधूनमधून तो आरशात मागची माणसं बघत होता आणि त्याचा चेहरा मंगळीने कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. सुखी म्हणावा तर तसाही नाही, पाहुणे पंगतीला बसल्यावर यजमान उभा असतो ना, तसा.

बोईसर स्टेशनजवळच्या शेवटच्या थांब्यावर पोलिसांची गाडी आडवी उभी होती. सुपरवायझर होता, रखवालदार होता. सुकाने बस थांब्याच्या रेषेत नीट लावली, दार उघडलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"सब लोग उतरो! जल्दी!" सुपरवायझर ओरडला.

एका हवालदाराने दारात उभं राहून विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का, गाडी चोरीची आहे ते?"

बायका पदर सावरत, पाट्या उचलत भराभर उतरल्या. कंपनीची वेळ होत होती. पोलिसांच्या तोंडी लागून कोणाचं काम राहिलंय? नाक्यावरच्या त्या सकाळी जिच्या मांडीवरचं पोर रडलं होतं, ती बाईही खाली मान घालून गेली. "आमाला काय म्हाईत, त्यानं बसा सांगितलं, आमी बसलो," एवढं एकजण बोलला. खोटं नव्हतं तेही. बघता बघता बस रिकामी झाली.

मंगळी बसूनच होती.

"ए बाई, उतर."

"तो उतरेल तवा मी उतरेन," ती म्हणाली.

सुपरवायझर सुकाच्या खिडकीपाशी आला. त्याचा राग उतरला होता. हलक्या आवाजात म्हणाला, "क्या किया रे तूने? मेरी भी नौकरी गई."

"साब, एक भी खरोंच नहीं है," सुका म्हणाला. "देख लो."

पोलीस ठाण्यात साहेबांनी त्याला विचारलं, बस का चोरली. त्याने सांगितलं, चोरली नाही, फेरी मारली. त्यांनी लिहून घेतलं: आरोपी गुन्हा कबूल करीत आहे. तक्रार मंडळाची होती. खाली सही प्रियदर्शिनी मॅडमची. सरकारी वाहन पळवणं, परवाना नसताना चालवणं, प्रवाशांचा जीव धोक्यात घालणं. शेवटचं कलम वाचून दाखवलं तेव्हा सुका म्हणाला, "साहेब, ते परत वाचा." साहेबांनी वाचलं नाही.

जामिनाला कोण उभं राहणार? पाड्यातून कोणी आलं नाही. पोलिसांनी बसमधल्या माणसांचीही चौकशी होणार असं सांगितलं होतं आणि भीती कोणाला नसते? दुसऱ्या दिवशी दर्पण आला. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. तो आता स्टेशनच्या मार्गावर गॅसवरच्या नव्या व्हॅन चालवत होता. त्याने वकिलाशी बोलून कागदावर सही केली आणि सुकाला बाहेर आणलं.

बाहेर उन्हात दोघे उभे राहिले.

"तुला वाटत आसंल, माजं खरं झालं म्हनून सांगायला आलो," दर्पण म्हणाला.

"झालंच ना खरं."

"झालं." दर्पणने घसा खाकरला. "पन त्या दिशी सगळ्यांच्या समोर मारायला नको व्हतं मी."

सुकाने त्याच्याकडे पाहिलं. "ते जाऊ दे. कोंडपाड्याला एक व्हॅन टाकशील?"

दर्पण हसला, पण त्याच्या हसण्यात मजा नव्हती. "परवडत नाय रे. आत कुठं येऊ?" आणि किल्ली बोटावर फिरवत तो व्हॅनकडे गेला.

डेपोतलं काम गेलं. ठेकेदाराने उरलेला पगार दंडात धरला. सुपरवायझरला कुठे तरी लांब पाठवलं, असं कळलं. स्टेशनच्या थांब्यावर कोणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत काही दिवस फिरली, 'सफाई कामगाराने बस पळवली' म्हणून. तिच्याखाली लोकांनी हसऱ्या तोंडांची चित्रं टाकली होती. मंडळाने जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणास्तव आतल्या पाड्यांच्या फेऱ्यांबाबत पुनर्विचार चालू आहे. कोंडपाड्यात लोक सुकाशी नीट बोलायचे. कोणी वाईट बोललं नाही, मात्र 'बस कधी येईल' हे कोणी विचारेनासं झालं. तेवढं तरी बरं झालं, असं सुका म्हणाला. मंगळीला ते बरं वाटलं नाही.

पालघरच्या कोर्टात पहिली तारीख लागली. सुका आणि मंगळी उजाडायच्या आधी घरातून निघाली. बेटेगावपर्यंत चालत. तिथे कंपनीची पाळी भरायची वेळ, रिक्षा भरून येत आणि न थांबता जात. एका टेम्पोवाल्याने घेतलं, तर तो नाक्यावर रांगेत अडकला. स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. पुढच्या गाडीने पालघरला उतरून दोघं कोर्टापर्यंत जवळजवळ धावलीच. सुका आत शिरला तेव्हा त्याचं नाव पुकारून झालं होतं. वकिलाने त्याला हाताला धरून पुढे उभं केलं.

न्यायाधीशांनी कागदावरून नजर उचलली. "कुठे होतात? उशीर का झाला?"

सुकाला धाप लागली होती. त्याने हात जोडले.

"गाडी नव्हती साहेब."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्कन हसलं. मग शेजारचा. मग कारकून, दारातला पोलीस, आपापल्या तारखेला आलेली माणसं. सुकाच्या वकिलानेही तोंडावर हात धरला. सुकाला काही कळेना. कोणाला हसतायत ते बघायला तोही मागे वळला.

न्यायाधीश हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "पुढच्या तारखेला वेळेवर हजर राहा. नाहीतर वॉरंट निघेल."

"व्हय साहेब," सुका म्हणाला.

बाहेर मंगळी पायरीवर बसली होती. तो येताना दिसला तशी उठली.

"काय झालं?"

"पुढची तारीख दिली."

"आन आत हसत कशाला व्हते सगळे?"

"कोन जाने," सुका म्हणाला. "चल. उजेड हाय तंवर पाड्यात पोचलं पायजे."

कोर्टाबाहेरचा रस्ता रुंद होता, डांबरी, दोन्ही बाजूंना फरशी घातलेला. तरी ती दोघं एकामागे एक चालत होती, अगदी कडेने, मागून येणाऱ्या गाडीला वाट सोडून.